बोट परतली नव्हती तेव्हा

दुपारपर्यंत आमच्या गावच्या सगळ्या बोटी खाडीत शिरल्या, एक सोडून. त्या एका बोटीवर माझा नवरा होता.

रेवदंड्याचा पूल ओलांडला की किल्ल्याच्या डोंगराखाली आमचं गाव लागतं. एका अंगाला कोळीवाडा, दुसऱ्या अंगाला आम्हा ख्रिस्ती लोकांचा पाडा. कोळी समुद्रावर जातात, आमच्यातले बहुतेक भात आणि भाजीपाला करतात. माझा नवरा तेवढा वेगळा निघाला. त्याला इंजिनाचं वेड. शाळा सुटली की धक्क्यावर जाऊन बंद पडलेल्या इंजिनात डोकं घालून बसायचा, आणि पुढे कोळीवाड्यातल्याच एका बोटीवर इंजिन सांभाळायला लागला. त्या बोटीचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा, बोटीवरचा मुख्य माणूस, आमच्याहून बराच मोठा होता. नवरा त्याला दादा म्हणायचा, म्हणून त्याची बायको माझी वैनी. ती मासळी घेऊन आणि मी मुळा, वांगी, मिरच्या घेऊन रेवदंड्याच्या बाजारात शेजारी शेजारी बसायचो. तिच्या टोपलीचा वास माझ्या भाजीला लागतो म्हणून मी कुरकुरायचे आणि ती म्हणायची, "लागू दे गो, तेवढीच तुज्या मुल्याला चव येल."

दिवाळी तोंडावर आली होती. त्या दिवसांत समुद्र एरवी शांत असतो. पाऊस संपलेला, हवा स्वच्छ, आणि मासळीही बरी मिळते. वादळाचा इशारा आला तेव्हा बोटी आत खोल गेलेल्या होत्या. वायरलेसवरून निरोप फिरले आणि एकेक बोट परत फिरली. शेवटी आत शिरलेल्या बोटीवरचा म्हातारा खलाशी धक्क्यावर उतरला, त्याला वैनीने दंडाला धरून विचारलं, "आमची कुठं हाय?"

"मागंच होती. दादा बोलला, जालं वडतंय, वडून झाला का निंगतो."

"मग?"

"मंग आवाज न्हाय आला."

वारा तेवढ्यात सुटला. किल्ल्याच्या टेकडीवरची झाडं एका बाजूला झोपली आणि पाणी धक्क्यावर चढायला लागलं. आम्हाला सगळ्यांना मागे हटवलं. मी घरी आले तेव्हा आमच्या मायने, म्हणजे माझ्या सासूने, खिडक्या दोरीने बांधून घेतल्या होत्या आणि माझी मुलगी घरातल्या येशूच्या वेदीसमोर मेणबत्ती लावायचा प्रयत्न करत होती. फटीतून येणारा वारा ती विझवत होता. ती पुन्हा लावत होती. ती तेव्हा नववीत होती.

"मम्मी, येशू नावेत होता तेव्हा त्याने वादळ थांबवलं ना?"

"हो."

"पप्पांच्या बोटीत कोण आहे?"

दर रविवारी मी पाड्यातल्या मुलांना धर्मशिक्षण देते. ती गोष्ट मी कितीतरी वेळा सांगितली असेल, नाव हलते म्हणून मुलांना बाकावर डोलायला लावून. त्या दिवशी मी तिच्या हातातली काडेपेटी घेतली आणि म्हटलं, "राहू दे, घराला आग लागेल."

वादळ उलटून वर गुजरातकडे सरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं, आणि मला त्या उन्हाचा राग आला. नारळाच्या झावळ्यांनी रस्ते भरले होते, वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. ज्याच्या मालकीची बोट होती तो नाखवा मोटारसायकल घेऊन अलिबागला गेला, सरकारी कचेरीत सांगून आला. शोधायला जहाज गेलंय म्हणाले. बोटीवर सहा माणसं होती. त्या सहा घरांतल्या बाया धक्क्यावर बसून राहिल्या. कोणी रडत नव्हतं. रडलं तर ते खरं ठरेल असं सगळ्यांना वाटत असावं. वैनी पाण्याकडे पाठ करून बसली होती.

फादर आले. आमच्या पाड्यातून मी एकटीच होते, पण ते सहाही घरांच्या माणसांजवळ थांबले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "विश्वास सोडू नकोस."

मी म्हटलं, "फादर, मी धरलेला नाहीच आहे. सोडू कुठून?"

ते बाजूला बसून राहिले. त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

मी प्रार्थना करत होते, नाही असं नाही. पण ती प्रार्थना म्हणजे नुसती घासाघीस होती. त्याला परत आण, मी अमुक करीन. त्याला परत आण, मी तमुक कधी करणार नाही. रोझरीचे मणी बोटांत फिरत होते आणि डोक्यात तेच. मध्येच त्याची बुडण्याची चित्रं यायची, मग मी मणी जोरात दाबायचे. मुलगी मला सोडून मायजवळ झोपायला लागली, कारण मी तिचा हात एवढा घट्ट धरायचे की तिला दुखायचं.

आणखी एक दिवस तसाच गेला. शोधायला गेलेल्या जहाजाला पाण्यावर आमच्या बोटीच्या जाळ्याचे तरंगणारे बोये सापडले. बोट नाही. ही बातमी आल्यावर कोळीवाड्यात पहिल्यांदा रडणं फुटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माय म्हणाली, "मळ्यात जाऊन ये. मुळे जून होतील."

मला वाटलं, हिचा मुलगा समुद्रात आहे आणि ही मुळ्यांचं बोलते. पण तिने माझ्या हातात कोयती आणि टोपली ठेवली. तिला मला घराबाहेर काढायचं होतं हे मला नंतर कळलं.

मळा विहिरीजवळ आहे. वादळाने मिरचीची रोपं आडवी केली होती, वांग्यांची पानं फाटली होती, पण मुळे जमिनीत होते ते सुखरूप. मी वाफ्यात बसून उपटायला लागले. माती ओली होती, मुळा हलकेच ओढला तरी सुटून येत होता. मी पुन्हा घासाघीस सुरू केली आणि वाक्य अर्ध्यातच थांबलं. मला ते पुढे बोलवेना. माझ्याजवळ देण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. सगळं देऊन झालं होतं, पुन्हा पुन्हा.

घरात आम्ही मराठी बोलत नाही. आमची जुनी, पोर्तुगीज वळणाची बोली आहे, ती आता फक्त आमच्याच पाड्यात उरली आहे. चर्चमध्ये प्रार्थना मराठीतून होते आणि मीही देवाशी नेहमी मराठीतच बोलायचे, शाळेत सरांशी बोलावं तसं. त्या सकाळी तोंडातून आमच्या बोलीतले शब्द आले. लहानपणी पडले की आईला जे म्हणायचे, तेच. मी आहे इथे. मला घे.

आणि मग जे झालं ते मला नीट सांगता येत नाही, तरी सांगते.

कोणी दिसलं नाही. आवाज आला नाही. नवरा जिवंत आहे असं काही कळलं नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे पुष्कळांनी मला तसं विचारलं. तो मेला असेल हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. पण त्या वाफ्यात बसल्या जागी माझ्या आत एक आनंद भरायला लागला. समाधान म्हणावं तर ते थंड असतं, हे ऊन होतं. कोणीतरी माझ्या अगदी जवळ आहे, मी त्याची आहे, आणि नवरा बुडाला असला तरी ह्याच हातात बुडालाय. हे विचार म्हणून आलं नाही. आधी आनंद आला, शब्द मी मागाहून शोधले. भीती गेली नव्हती, ती होती तिथेच होती. फक्त तिच्या खाली जमीन लागली.

मी मुळे धुवायला विहिरीवर गेले. पाणी शेंदताना मी गात होते. मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, सुरुवातीला म्हणतो तसलं काहीतरी, अर्धे शब्द चुकीचे. आणि मला हसू येत होतं.

"बाय!"

बांधावर वैनी उभी होती. ती मला बोलवायला आली होती, नाखव्याला सरकारी कचेरीतून फोन येणार होता म्हणून. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या ओल्या हातांकडे पाहिलं.

"गातेस?"

मी दोरी सोडली. बादली खाली आपटली.

"नवरा पान्यात, माजा नवरा पान्यात, आन तू गातेस? हासतेस?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुला येड लागला का तुला लाज न्हाय?"

"वैनी, मी..."

"नको सांगू मना." ती वळली आणि पुढे चालू लागली. मी टोपली तिथेच टाकून तिच्या मागे गेले. मला वाटत होतं की आता तो आनंद जाईल, जायलाच हवा, पण तो गेला नाही आणि त्याचीच मला लाज वाटायला लागली.

धक्क्यावर पुलाच्या बाजूला उभं राहिलं की थोडी रेंज येत होती. नाखवा तिथे फोन हातात धरून उभा होता. आम्ही पोचलो तेव्हा त्याचं बोलणं चालू होतं, आणि तो "कोन? कोन? जोरात बोला" असं ओरडत होता. मग फोन तुटला.

"चार मानसं घावली," तो म्हणाला. "जिवंत. गुजरातच्या बोटीनं उचलली. तिकडच्या बंदरात हायेत."

चार. सगळ्यांनी ते ऐकलं आणि सगळ्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली.

"नावं?" कोणीतरी विचारलं.

"नावं सांगत हुता तवाच तुटला. फोटो धाडतो बोलला."

आम्ही त्याच्याभोवती गोळा झालो. व्हॉट्सअॅपवर फोटो आला, पण उघडेना. धुरकट चौकोन आणि मधे फिरणारं गोल. नाखवा हात वर करून उभा राहिला, मग पुलाकडे चालत गेला, आम्ही सगळ्या त्याच्या मागे. गोल थांबलं. पुन्हा सुरू झालं. वैनी माझ्या शेजारी होती, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी तिचा हात धरावा असं वाटलं, पण मगाशी तिने पाहिलेलं हसू आमच्या मधे होतं.

फोटो उघडला.

चार माणसं एका भिंतीला टेकून बसली होती, अंगावर चादरी. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने तोंडं सुजून काळी पडलेली, ओठ फुटलेले. कोण कोण ते कळत नव्हतं. बाया नाखव्याच्या हातातून फोन ओढत होत्या. एक किंचाळली, तिने आपला मुलगा ओळखला होता. माझ्या डोळ्यांसमोर सगळं पोहत होतं, मला काही दिसत नव्हतं. वैनीने फोन घेतला. तिने एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून तो मोठा करून पाहिला, सावकाश, बाजारात मासा पारखावा तसा. मग फोन माझ्या हातात दिला.

"तुजा हाय गो," ती म्हणाली. "ह्यो कडंला."

आणि ती कोळीवाड्याच्या दिशेने चालायला लागली. तिच्या मागे कोणी गेलं नाही, कारण तिच्याजवळ पोचायची कोणाची हिंमत झाली नाही.

नवरा गुजरातहून जीपमधून घरी आला. मायने त्याला दारातच मिठी मारली आणि तिथेच खाली बसली. मुलगी त्याच्या हाताला धरून रडत राहिली. पाड्यातली माणसं जमली, कोणी म्हणालं, देवाने चमत्कार केला, तुमच्या घरची प्रार्थना ऐकली. मी मान हलवली नाही. माझा आला म्हणून देव चांगला म्हणायचं, तर मग खाडीपलीकडे नाही, शंभर पावलांवरच्या वैनीच्या दारात तोच देव वाईट ठरत होता. मला विहिरीवर जे मिळालं होतं ते ह्याच्या परत येण्याशी बांधलेलं नव्हतं. ते त्याच्या आधी आलं होतं. तेव्हा तो पाण्यात होता की त्या गुजराती बोटीवर, हे मी कधी जुळवून पाहिलं नाही. विचारलंही नाही.

दादा सापडला नाही. बोट कलंडली तेव्हा तो सुकाणूवर होता, एवढंच चौघांना सांगता आलं. दुसरा एक तरुण खलाशी ड्रम धरून होता, पण पहाटे त्याचे हात सुटले.

मी वैनीकडे जायला लागले. पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी आत जाऊन हंडे भरले, भात टाकला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. असं बरेच दिवस चाललं. तिच्या घरच्या बायकांना ते खटकत होतं. तिच्या जावेने तर तोंडावर विचारलं, "तुज्या घरी दिवाली हाय, हितं कशाला?" मी हंडा उचलून पाण्याला गेले. शेवटी एका दुपारी घरात आम्ही दोघीच असताना वैनीने तोंड उघडलं.

"तुज्या देवानं तुजा राखला. माजा कुनी नेला?"

"मला माहीत न्हाय, वैनी."

"त्याला इचार."

"विचारलं. न्हाय सांगत."

ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. "मंग तू रोज येतेस कशाला?"

"बसायला."

ती भिंतीकडे वळली. तिची पाठ हलायला लागली. मी जवळ सरकले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला नाही. मग मीही रडले, दादासाठी, जो माझ्या मुलीला खेकडे धरायला शिकवायचा. आणि रडताना मला जाणवलं की तो आनंद अजून आहे. त्याला रडण्याचं वावडं नव्हतं. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. सुख आणि दुःख एका जागी राहत नाहीत असं मी समजत होते.

घरी मात्र कठीण होतं. नवरा बोलत नसे. मिस्साला येत नसे. रविवारी आम्ही चर्चला निघालो की तो मळ्यात जाऊन बसायचा, समुद्र दिसणार नाही अशा बाजूला तोंड करून. आम्ही एकाच पाड्यात वाढलो, खेळगडी होतो, म्हणून आजही एकमेकांना एकेरीच बोलतो. तरीही मला त्याला काही विचारायची भीती वाटायची. माय जेवणापूर्वी प्रार्थना म्हणायला लागली की तो ताटावरून उठायचा. मुलगी मला डोळ्यांनी विचारायची, पप्पांना काय झालं?

एकदा मिरचीची नवी रोपं लावताना मी त्याला विहिरीवरची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे. वैनीला जसा राग आला तसा त्यालाही येईल असं वाटलं होतं. तो माती दाबत राहिला.

"मला काहीच नाही वाटलं तिथे," तो म्हणाला. "ड्रमला धरून होतो. लहानपणापासून पाठ असलेलं सगळं म्हणून बघितलं. देव नाही, आवाज नाही, काही नाही. नुसतं पाणी. आणि तुला इथे मुळे उपटताना..."

"हो."

"हे बरोबर आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "पण मी ते नव्हतं असं कसं म्हणू?"

तो उठून विहिरीकडे गेला, तोंडावर पाणी मारलं, परत आला. मला वाटलं, आता हा निघून जाणार. पण तो माझ्या समोर उकिडवा बसला.

"कसा होता? सांग परत."

मी परत सांगितलं. अडखळत, आमच्या बोलीत. ऊन म्हटलं, जमीन म्हटलं, आणि मला ते शब्द तोकडे वाटले. तो ऐकत राहिला. तो पुढच्या रविवारी चर्चला आला, पण आत नाही. दारापाशी उभा राहिला, चप्पल न काढता. फादर त्याला आत बोलवायला गेले नाहीत. पावसाळा लागेपर्यंत तो तसा दारातच उभा राहत होता. मग एका रविवारी जोराची सर आली आणि तो आत येऊन शेवटच्या बाकावर बसला. पावसामुळे आला की आणखी कशामुळे, मी विचारलं नाही.

वैनी बाजारात परत बसायला लागली होती. आता ती दुसऱ्यांच्या बोटीवरची मासळी विकते. आमचं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. काही दिवस ती बोलते, काही दिवस तोंड फिरवून बसते, आणि तसं बसायचा तिला हक्क आहे.

नारळी पौर्णिमा झाली आणि नाखव्याने नवी बोट पाण्यात घातली. तो आमच्या घरी आला, ओट्यावर बसला. इंजिनावर भरवशाचा माणूस मिळत नाही म्हणाला, जबरदस्ती नाही म्हणाला. चहा पिऊन गेला. माय उठून आत गेली.

नवरा माझ्याकडे बघत राहिला. "मला दुसरं काही येत नाही," तो म्हणाला. "आणि मला भीती वाटते. दोन्ही खरं आहे." मग विचारलं, "जाऊ का?"

क्षणभर मी आत शोधलं, विहिरीवरचं ते ऊन आहे का म्हणून. ते त्या वेळी नव्हतं. ते माझ्या हुकमाने येत नाही, हे एव्हाना मला कळलं होतं. पण एकदा जमीन लागली होती, आणि ती तिथे आहे हे मला ठाऊक होतं.

"जा," मी म्हटलं. "मी भीत राहीन, पण तू जा."

बोट निघाली त्या सकाळी मी धक्क्यावर गेले. मुलगी आली, माय नाही आली. त्याने इंजिन सुरू केलं, आवाज कान देऊन ऐकला, काहीतरी पिळलं, परत ऐकलं. मग वर येऊन आमच्याकडे हात केला. बोट खाडीच्या तोंडातून बाहेर पडली, लाटेवर एकदा वर उचलली गेली. मुलीने माझा हात धरला. ह्या वेळी तिनेच घट्ट धरला होता.

बोट दिसेनाशी झाल्यावर आम्ही वळलो. तिला शाळा होती, आणि माझी वांगी बाजारात न्यायची राहिली होती.